रोपें कुरतडणारी अळी

रब्बीच्या लागणीचा हंगाम आला म्हणजे बागायतदाराचें सर्व लक्ष पाण्याकडे, खताकडे आणि बाजारभावाकडे लागलेलें असतें. रोप सरीवर लागलें, दोन पाणी झालीं आणि पानें ताठ दिसूं लागलीं म्हणजे आपण निश्चिंत होतों. परंतु नेमक्या याच दिवसांत, एकही पान पिवळें न पडतां व कोणताही रोग न दिसतां, रोपें एका रात्रींत आडवीं झालेलीं आढळतात. हें काम करणाऱ्या किडीस रोपें अगर देठ कुरतडणारी अळी म्हणतात. ‘कटवर्म’ हा शब्दही आतां औषधविक्रेत्यांच्या तोंडीं रुळला आहे. या किडीची माहिती शेतकीच्या पुस्तकांतून मिळत नाहीं असें नाहीं. तथापि ती वेळीं न वाचल्यामुळें आमच्या हातून जी चूक घडली, ती आमच्या शेतकरी बंधूंच्या हातून घडूं नये, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचा अनुभव

आम्ही महसूल खात्यांतील कारकुनी करून निवृत्त झालों व वडिलोपार्जित जमीन स्वतः पाहूं लागलों. इ. स. २०२२ च्या कार्तिक महिन्यांत ओढ्याकांठच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत आम्हीं कोबी लावला. दोन फुटांवर सरी व दीड फुटावर रोप, या हिशेबानें वीस गुंठ्यांस सुमारें ७२०० रोपें लागतात. तितकीं आम्हीं विकत आणलीं. हा तुकडा त्या वर्षीं खरिपांत पडीक राहिला होता व त्यांत घोळ, माठ, दुधी यांचें रान माजलें होतें. ट्रॅक्टर उशिरां मिळाल्यामुळें नांगरट करून चवथ्याच दिवशीं आम्हीं सऱ्या पाडल्या आणि लागण उरकली. ही घाई हेंच पुढील नुकसानीचें मूळ होतें, हें त्या वेळीं आम्हांस ठाऊक नव्हतें.

लागणीनंतर सहाव्या दिवशीं सकाळीं तेहतीस रोपें जमिनीलगत कापून पडलेलीं दिसलीं. सातव्या दिवशीं ऐंशी, आठव्या दिवशीं दीडशेंच्या वर. काप इतका साफ होता कीं, तो विळ्याचाच असावा असें वाटे. शेळीनें खाल्लें म्हणावें तर पाला बहुतेक जागच्या जागीं पडलेला. जनावर शिरलें म्हणावें तर ओल्या सरींत खुराचा ठसा नाहीं. नोकरींत असतांना बांधाच्या व वाटेच्या भांडणांचे कागद आम्हीं पुष्कळ हाताळले होते, आणि रागाच्या भरांत एकानें दुसऱ्याचें उभें पीक कापल्याच्या तक्रारीही वाचल्या होत्या. आमच्या पूर्वेच्या बांधकऱ्यांशीं दोन हात रुंदीच्या पट्टीवरून आमचें तीन वर्षें बोलणें बंद होतें, आणि कापलेलीं रोपें बहुतेक त्याच बाजूच्या सऱ्यांत होतीं. मग मनानें जो निष्कर्ष काढावयाचा तो काढलाच. नवव्या दिवशीं तक्रारअर्जाचा मसुदा खिशांत घालून व गांवांतील दोन गृहस्थांस पंच म्हणून बरोबर घेऊन आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलों.

आमचें मोठ्यानें चाललेलें बोलणें ऐकून ते बांधकरी आपल्या हरभऱ्यांतून उठून आले. वयानें ते आमच्याहून दहा-बारा वर्षांनीं वडील. गांव त्यांस आबा म्हणतें. आमचें सर्व म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें, परंतु उलट शब्द काढला नाहीं. एका ताज्या कापलेल्या रोपाजवळ ते उकिडवे बसले, बुंध्याभोंवतींची माती बोटानें इंच-दीड इंच उकरली, आणि वेटोळें करून पडलेली, काळपट करड्या रंगाची, तेल चोपडल्यासारखी दिसणारी एक अळी काढून आमच्या तळहातावर ठेवली. “भाऊसाहेब, तुमचा चोर हा. पंचनामा मागाहून करा, अगोदर खुरपें आणा,” एवढेंच ते म्हणाले. त्या एका सरींत आम्हां सर्वांस मिळून अकरा अळ्या सांपडल्या. त्यांच्या स्वतःच्या हरभऱ्याच्याही कडेच्या दोन ओळी याच अळीनें खाल्ल्या होत्या, हें त्यांनीं आम्हांस नंतर दाखविलें. अर्जाचा कागद आम्हीं तेथेंच फाडला. पंचांसमक्ष वाटलेली ती शरम आम्ही जन्मभर विसरणार नाहीं.

किडीची ओळख व जीवनक्रम

कुरतडणाऱ्या अळ्यांच्या जाती अनेक आहेत. त्यांपैकीं आपल्याकडे विशेष उपद्रव देणाऱ्या जातीचें शास्त्रीय नांव अग्रोटिस इप्सिलॉन असें असून हुफनागेल या जर्मन कीटकशास्त्रज्ञानें इ. स. १७६६ मध्यें तिचें वर्णन केलें. ही जात जगाच्या बहुतेक खंडांत आढळते. हरभरा, वाटाणा, मसूर, बटाटा, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, वांगीं, तंबाखू, मका, कापूस, यांपैकीं कोणतेंही कोंवळें रोप तिला चालतें. बटाट्याच्या शेतांत ती देठ कापून थांबत नाहीं, तर जमिनींतील बटाटेही पोखरते.

हिचा पतंग करडा-तपकिरी असून पंख पसरले असतां दीड ते दोन इंच भरतो. पुढच्या पंखांवर काळी, कट्यारीच्या पात्यासारखी खूण असते. मागचे पंख पांढुरके असतात. तो दिवसां ढेंकळांखालीं व पाचोळ्यांत दडून बसतो आणि रात्रीं उडतो. मादी शेंकडों अंडीं घालते. अनुकूल स्थितींत हा आंकडा हजाराच्याही वर जातो. हीं अंडीं ती स्वच्छ नांगरलेल्या उघड्या जमिनीपेक्षां ठेंगण्या, दाट तणावर व ओलसर जागीं घालणें पसंत करते. वाचकांनीं ही एक गोष्ट मनांत पक्की धरावी. कारण पुढें सांगावयाच्या बहुतेक प्रतिबंधक उपायांचें मूळ हींत आहे.

अंडीं साधारणतः तीन ते सहा दिवसांत फुटतात. थंडी फार असल्यास अधिक दिवस लागतात. पहिल्या दोन-तीन अवस्थांत अळी अगदीं बारीक असते. ती पानांवरच राहून पानें खरवडते व त्यांस लहान भोंकें पाडते, आणि बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. चवथ्या अवस्थेपासून तिचें वर्तन पालटतें. ती उजेड टाळूं लागते, दिवसां मातींत वेटोळें करून राहते, आणि अंधार पडल्यावर वर येऊन रोप जमिनीलगत कापते. पूर्ण वाढलेली अळी पावणेदोन इंचांपर्यंत लांब भरते व बोट लागतांच गुंडाळून घेते. सुमारें तीन ते पांच आठवड्यांनीं ती मातींतच कोठडी करून कोषांत जाते, आणि पुढें दोन-तीन आठवड्यांनीं पतंग बाहेर पडतो. अशा रीतीनें एक पिढी सामान्यतः दीड ते दोन महिन्यांत पुरी होते.

अळी आपल्या सर्व आयुष्यांत जितकें खाते, त्याचा फार मोठा भाग ती शेवटच्या अवस्थेंत खाते. शिवाय एक रोप कापून तेंच पुरतें खाईल, असा तिचा स्वभाव नाहीं. थोडें खावें, कधीं शेंडा आपल्या भोंकांत ओढून न्यावा, आणि पुढच्या रोपाकडे वळावें, अशी तिची रीत आहे. त्यामुळें अळ्या थोड्या असूनही नुकसान पुष्कळ होतें. रोपाचें खोड जाड व कठीण झालें म्हणजे तें कापणें तिला अवघड जातें. सबब लागणीनंतरचे पहिले तीन आठवडे विशेष जपावे.

दुसऱ्या कारणांहून हें नुकसान कसें ओळखावें

रोप मेलें एवढ्यावरून अळी ठरवूं नये. हुमणी मुळें खाते. तिनें खाल्लेलें रोप पिवळें पडून सुकतें व ओढलें असतां सहज उपटून येतें, परंतु तें कापलेलें नसतें. रोपवाटिकेंत बुरशीमुळें रोपें कोलमडतात, तेव्हां मातीजवळचें खोड मऊ व पाणचट होऊन बारीक पडतें. त्यावर दांतांची खूण नसते. वाळवीच्या जागीं मातीचे लेप दिसतात. मोठा रातकिडा रोप कापून बिळांत नेतो, पण त्याच्या बिळाच्या तोंडाशीं उकरलेल्या मातीचा लहानसा ढीग असतो. ससा रोप वरून खातो व कापलेला पाला मागें ठेवीत नाहीं.

संशय आल्यास सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं ताज्या कापलेल्या रोपाभोंवतीं वीतभर घेरांत इंच-दोन इंच माती उकरून पाहावी. सकाळीं अळी वरच्या थरांत असते. दुपारीं ऊन व कोरड वाढली कीं ती खालीं सरकते व शोधणाऱ्यास वाटतें कीं अळी नाहींच. रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन सरीनें हिंडल्यासही ती काम करतांना प्रत्यक्ष सांपडते. शेताच्या पांच निरनिराळ्या ठिकाणीं वीस-वीस रोपें मोजून त्यांत किती कापलीं याची नोंद रोज ठेवावी. शंभरांतील आंकडा रोज वाढतो कीं घटतो, हें कळलें म्हणजे घबराट होत नाहीं व हयगयही होत नाहीं.

ही कीड कोणत्या जमिनींत येते

बिहारांत पाटण्याच्या पूर्वेस गंगेच्या दक्षिण तीरावर मोकामा येथें ‘ताल’ नांवाची विस्तीर्ण सखल जमीन आहे. पावसाळ्यांत ती पाण्याखालीं असते व पाणी ओसरल्यावर तींत हरभरा, मसूर, वाटाणा पेरतात. या जमिनींत कुरतडणाऱ्या अळीनें वारंवार एवढा अनर्थ केला कीं, शेतकी खात्यास तिची खास चौकशी करावी लागली. ई. जे. वुडहाउस व पुसा येथील संशोधन संस्थेंतील कीटकशास्त्रज्ञ टी. बेनब्रिग फ्लेचर यांनीं इ. स. १९१२ मध्यें या किडीवर लेख प्रसिद्ध केला. पाणी ओसरतांच उघडी पडणारी ओलसर भुई, तिच्यावर झपाट्यानें उगवणारें कोंवळें तण, आणि लगेच होणारी पेरणी, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे पतंगास हवी तशी जागा व अळीस हवें तसें खाद्य मिळतें.

मोकामा आपल्यापासून दूर आहे; परंतु अशी जमीन दूर नाहीं. नदीकांठच्या मळईच्या जमिनी, पूर येऊन गेलेलीं शेतें, आणि तलाव-धरणांचें पाणी हटल्यावर वर्षाच्या करारानें लागवडीस मिळणाऱ्या गाळपेर जमिनी यांची स्थिति अगदीं हीच असते. गाळपेर घेणाऱ्यास मुदत थोडी असल्यानें तो पाण्याच्या मागोमाग पेरीत जातो. अशा बंधूंनीं पेरणीपूर्वीं कोंवळें तण काढण्यास दोन दिवस द्यावे व उगवणीनंतर पहिले तीन आठवडे रोज सकाळीं शेत पाहावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

लागणीपूर्वींचे उपाय

पहिला उपाय उन्हाळी नांगरटीचा. चैत्र-वैशाखांत जमीन खोल नांगरून तापूं दिली म्हणजे मातींतील कोष व अळ्या वर येतात. कांहीं उन्हानें मरतात व कांहीं पांखरें टिपतात.

दुसरा व सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे लागणीच्या आधीं किमान दोन-तीन आठवडे शेत व बांध तणविरहित करणें. तणावर वाढत असलेल्या अळ्यांस या अवधींत खाद्य मिळत नाहीं व त्यांतील पुष्कळ उपासमारीनें मरतात. याच्या उलट, तण गाडून चार दिवसांत रोपें लावलीं तर मातींत राहिलेल्या अर्धवट वाढलेल्या भुकेल्या अळ्यांपुढें आपण स्वतः ताट वाढून ठेवतों. आम्हीं २०२२ मध्यें नेमकें हेंच केलें.

तिसरी गोष्ट म्हणजे, एकूण लागणाऱ्या रोपांच्या दहावा हिस्सा रोपें सांधणीकरितां वाफ्यांत राखून ठेवावीं. बाहेरून मागाहून आणलेलें रोप वयानें व जातीनें जुळत नाहीं आणि सर्व माल एका वेळीं तयार होत नाहीं.

परसबागेंत अगर थोड्या मोलाच्या रोपांस गळपट्टी घालण्याचा उपाय उत्तम आहे. जाड कागद, पत्रा अगर बूड कापलेला कागदी पेला रोपाभोंवतीं असा बसवावा कीं, त्याचा एक इंच भाग मातींत जाईल व दोन इंच वर राहील. अळी खोडापर्यंत पोंचत नाहीं. मोठ्या शेतास हा उपाय परवडणार नाहीं, हें उघड आहे. बटाट्यास मातीची भर चांगली द्यावी व भेगा पडूं देऊं नयेत, म्हणजे अळीस बटाट्यापर्यंत वाट मिळत नाहीं.

उपद्रव सुरू झाल्यावरचे उपाय

हातानें वेंचणें हा उपाय जुना आहे, पण तो खरा आहे. सकाळीं कापलेल्या प्रत्येक रोपाशीं खुरप्याच्या टोंकानें माती हलवून अळी काढावी व साबणाच्या पाण्याच्या बादलींत टाकावी. कापलेलें रोप दिसेल तेथेंच शोधावयाचें असल्यानें सर्व शेत उकरावें लागत नाहीं. आमच्या वीस गुंठ्यांस दोन बायांस रोज दोन तास पुरत.

याच्या जोडीस तणाच्या ढिगांचा सापळा लावावा. उपटलेल्या कोंवळ्या तणाचे टोपलीएवढे ढीग संध्याकाळीं सऱ्यांतून दहा-दहा पावलांवर ठेवावे. अळ्या खाण्यास व लपण्यास त्यांखालीं जमतात. पहांटे ढीग उलटून त्या वेंचाव्या, आणि सुकलेला पाला रोज बदलावा. सकाळीं ढीग पाहण्यास न गेल्यास मात्र आपणच अळ्यांस आसरा दिल्यासारखें होतें.

पाणी देण्याचा दिवस असल्यास सरी चांगली भरावी. माती भरून आली कीं अळ्या वर येतात, आणि साळुंक्या, बगळे, कावळे पाटामागें येऊन त्या वेंचतात. त्या वेळीं त्यांस हुसकूं नये. जमिनीवर धांवणारे काळे भुंगेरे, बेडूक, आणि अळीच्या अंगांत आपली प्रजा वाढविणाऱ्या परोपजीवी माशा व गांधीलमाश्या हेही आपलेच गडी आहेत. या जातीचे कामगंध सापळे मिळतात. त्यांत केवळ नर पतंग सांपडतात. ते लावल्यानें पतंग केव्हां आले हें कळतें व अळ्यांची वाट पाहतां येते. परंतु तेवढ्यानें शेत वांचेल असें समजूं नये. रोपाभोंवतीं राख टाकण्याची चाल आहे. ती पहिल्या पाण्याबरोबर निरुपयोगी होते, असा आमचा अनुभव आहे.

औषधांविषयीं दोन शब्द

पूर्वीं गव्हाचा कोंडा, गूळ व सोमलयुक्त विष यांचें आमिष संध्याकाळीं शेतांत टाकीत. तें जनावरांस, कोंबड्यांस व माणसांसही घातक होतें. आतां कोणी जुनें पुस्तक वाचून तें करूं नये. पुढें डी.डी.टी. व बी.एच.सी. भुकटीचा काळ आला. आपल्या देशांत शेतीकरितां डी.डी.टी.चा वापर १९८९ मध्यें थांबविण्यांत आला व बी.एच.सी.वर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. कोणाच्या माळ्यावर जुन्या भुकटीचा डबा राहिला असल्यास तो शेतांत रिकामा करण्याचा मोह धरूं नये.

वेंचणी व सापळे करूनही नुकसान आवरत नसेल तरच औषधाकडे वळावें. बाटलीवरील पत्रक संपूर्ण वाचावें; आपल्या पिकाचें व या किडीचें नांव त्यांत असेल तेंच औषध, सांगितलेल्या मापानें, संध्याकाळीं, रोपाच्या बुंध्याजवळील मातीवर पडेल असें द्यावें. सकाळीं पानांवर केलेल्या फवाऱ्याचा उपयोग थोडा, कारण शत्रू त्या वेळीं मातींत झोंपलेला असतो. फवारणी व काढणी यांतील सांगितलेलें अंतर भाजीपाल्यास कटाक्षानें पाळावें. ती भाजी आपल्याही घरीं जाते.

हिशेब व समारोप

त्या वर्षीं सहा दिवसांच्या वेंचणींत आम्हीं ४१२ अळ्या मोजल्या. दहाव्या दिवसापासून काप कमी होत गेले व पंधराव्या दिवसानंतर बंद झाले. तोंवर सुमारें ९०० रोपें गेलीं होतीं. तीं सांधलीं, परंतु त्यांचा माल मागाहून आल्यामुळें त्यास भाव मिळाला नाहीं. २०२३ मध्यें आम्हीं लागणीच्या तीन आठवडे आधीं शेत व बांध साफ केला, पहिल्या दिवसापासून ढीग ठेवले, आणि सर्व हंगामांत कापलेलीं रोपें पन्नासांच्या आंत राहिलीं. एका वर्षाचा अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे. परंतु तणाच्या व अळीच्या नात्याविषयीं आमची शंका फिटली.

आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली. कापलीं गेलेलीं रोपें पूर्वेच्या बांधालगतच अधिक कां होतीं, याचा उलगडा आबांनींच केला. वादांतील दोन हातांची ती पट्टी तीन वर्षें त्यांनींही नांगरली नव्हती व आम्हींही नांगरली नव्हती. दोघांपैकीं कोणी तींत खुरपें घातलें तर तो कबजा ठरेल, या भीतीनें तेथें गुडघाभर तण माजूं दिलें होतें. पतंगांस त्याहून सोयीची जागा त्या शिवारांत नव्हती. तेथें वाढलेल्या अळ्यांनीं आमचा कोबी व त्यांचा हरभरा यांत भेद केला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आबा व आम्ही, दोघांनीं मिळून ती पट्टी स्वच्छ केली. जमीन कोणाची हें मोजणीनें ठरेल तेव्हां ठरेल. तोंपर्यंत दरवर्षीं दसऱ्यानंतर दोन्ही घरचीं माणसें ती एकत्र बेणतात, व त्या दिवशींची न्याहारी एकदां त्यांच्याकडे, एकदां आमच्याकडे, असा परिपाठ पडला आहे. आमच्या बंधूंस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, सकाळीं शेतांत रोप कापलेलें दिसलें तर प्रथम बुंध्याची माती उकरून पाहावी, आणि ज्या बांधावर भांडण आहे त्या बांधावरील तण भांडण मिटण्याची वाट न पाहतां काढावें.